त्याले सांगा

बुलडाण्यात चिखली रोडला, कॉलेजच्या गेटासमोर माझं दुकान आहे. झेरॉक्स, प्रिंट, ऑनलाइन फॉर्म. पाटीवर आणखीही बरंच लिहिलंय, पण ती पाटी रंगवणाऱ्याची हौस. माझं नाव मोतीराम. पोरं मला मोतीरामभाऊ म्हणतात, मी त्यांना बे म्हणतो, आणि आमचं बरं चालतं. बारा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत कॉलेजबद्दल माझं एक ठाम मत झालंय, ते प्राचार्यांना आवडणार नाही. पोरं कॉलेजात येतात ती ॲडमिशनला, प्रॅक्टिकलला आणि पेपरला. मधल्या काळात कॉलेज असतं, पोरं नसतात.

म्हणून प्रज्वल माझ्या लक्षात राहिला. तो रोज यायचा.

साखरखेर्ड्याचं पोरगं. घरी भाजीपाल्याची शेती, कोबी, वांगी, मिरची. बाप दयाराम आणि आई अन्नपूर्णाबाई, दोघंही दिवसभर वावरात. हा बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला, विषय भौतिकशास्त्र. धाड नाक्याकडं खोली करून राहायचा. खोलीत आणखी दोघं होते, पण ते पोलीस भरतीवाले. पहाटे ग्राउंडवर, दिवसभर अकॅडमीत, आणि उरलेल्या वेळात पोटऱ्यांना तेल चोळत पडलेले. त्यांच्याशी बोलायचं तर छातीचं माप आणि सोळाशे मीटरची वेळ, तिसरा विषय नाही.

पोरगं उंच, वाळकं, दप्तर दोन्ही खांद्यांवर घेणारं. दुपारी तास संपला की दुकानात यायचं, एका पानाची झेरॉक्स मागायचं, आणि झेरॉक्स हातात पडल्यावरही उभंच राहायचं. सुरुवातीला मला वाटायचं, याचं काही काम राहिलंय. दोनदा मी खेकसलोही, "आता काय हाय बे?" नंतर कळलं, त्याला नुसतं बोलायचं असायचं.

"वर्गात किती होते आज?" मी विचारायचो.

"मी होतो ना."

हजेरीपटावर बासष्ट नावं. काही पुण्याला कंपनीत लागलेली, काही भरतीच्या मागं, काही घरीच. वर्गात हा एकटा. शिकवायला गोपाल सर, तेही तासिकेवर. सर माणूस भला, पण सवय मोडत नाही. एका पोराला शिकवतानाही 'विद्यार्थी मित्रांनो' म्हणतात. गणित सोडवून झालं की खडू हातात धरून सगळ्या रिकाम्या बाकांवरून नजर फिरवतात आणि विचारतात, कुणाला काही शंका?

"भाऊ, तवा मले कसंतरीच होते," प्रज्वल सांगायचा. "शंका नसली तरी एखादी काढा लागते. सर इतक्या आशेनं पाहतात का काय सांगू. अन् डुलकीही घेता येत नाही. बासष्ट जनायच्या वाट्याचं मी एकटाच ऐकून राह्यलो."

तो हसायचा, मीही हसायचो. नंतर दुकान रिकामं झालं की ते हसणं मला बोचायचं.

लायब्ररीत त्याला आत घ्यायला माणूसच नसायचा. पुस्तकं कुलपात, आणि भिंतीवर एक चौकोनी कोड चिकटवलेला. तो मोबाइलनं टिपला की म्हणे हजारो पुस्तकं उघडतात. प्रज्वलनं टिपला तर पासवर्ड मागितला. पासवर्ड कोणाकडं आहे हे तीन वर्षांत कोणाला सापडलं नाही. "पुस्तक हाय पन हाती येत नाही, सर हायत पन पोरं नाहीत, पोरं हायत पन पुण्यात हायत," तो म्हणायचा. "सगळं हाय भाऊ, फक्त एका जागी नाही."

तास संपल्यावर तो फळ्याचा फोटो काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकायचा. रोज, न चुकता. एकसष्ट जण फोटो बघायचे. दोघं-तिघं अंगठा दाखवायचे. पुण्यातल्या एकानं एकदा लिहिलं, जरा जवळून काढत जा. वर्गमित्रांशी तीन वर्षांत झालेलं त्याचं सगळ्यात मोठं संभाषण ते.

आताशा मोबाइलात ते उत्तरं देणारं ॲप आलंय, ते त्यानंही घेतलं होतं. पहिले काही दिवस फार खूश होता. "एकच गणित धा डाव विचारलं तरी चिडत नाही, भाऊ."

"मंग चांगलंच हाय की."

"हाव. पन मी चुकलो तरी 'छान प्रयत्न' म्हणते. गोपाल सर डोक्यावर हात मारून घेतात. ते बरं वाटते."

एकदा त्यानं त्या ॲपला लिहिलं होतं, आज दिवसभर मी कोणाशीच बोललो नाही. त्यानं ताबडतोब सात उपाय सांगितले, क्रमांक टाकून. तिसरा उपाय होता, मित्रांना भेटा.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय, तुमच्याकडं आलो."

मी खाली मान घालून मशीनमध्ये कागद भरत बसलो. मला असं कोणी तोंडावर म्हटलं की काय करावं ते सुचत नाही.

त्याच्या मनात एकच होतं. हैदराबादच्या एका मोठ्या विद्यापीठात एम.एस्सी. करायचं. तिथल्या एका वर्गाचा व्हिडिओ त्यानं मला दाखवला होता. शिकवणारे कोण, विषय काय, मला काही कळलं नाही. तो बोट ठेवून दाखवत होता ते वेगळंच. "पाहा भाऊ, मागच्या बाकापर्यंत पोरं हायत. अन् हा पाहा, हा पोरगा सरायसंगं भांडून राह्यला. गणितावरून!" एवढंच त्याला हवं होतं, जिथं दुसरं कोणी बसलेलं असेल असा वर्ग. त्यासाठी प्रवेश परीक्षा होती, आणि परीक्षेसाठी फॉर्म.

फॉर्मच्या शेवटच्या तारखेला, एप्रिलातल्या एका दुपारी तीन वाजता, तो माझ्यासमोर बसला होता. मुदत पाचपर्यंत. शेवटच्या दिवसापर्यंत थांबला म्हणून मी त्याला आधी यथेच्छ बोलून घेतलं. राहून गेलं, एवढंच तो म्हणाला. फोटो चढवला, सही चढवली, गुणपत्रिका चढवल्या. शेवटी आधारची खात्री. आजवर त्याचं सगळं अंगठ्यावर भागलं होतं. सेंटरवर जायचं, अंगठा टेकवायचा, काम संपलं. या फॉर्मला अंगठा चालत नव्हता, ओटीपी लागत होता. मी बटण दाबलं. पडद्यावर आलं की नोंद असलेल्या मोबाइलवर सहा आकडे पाठवले आहेत, त्या नंबरचा शेवट सत्तेचाळीस, वेळ दहा मिनिटं.

प्रज्वल स्वतःच्या मोबाइलकडं बघत बसला. काही आलं नाही.

"सत्तेचाळीस?" तो म्हणाला. "हा नंबर माहा नाही. बाबाचाही नाही."

त्यानं आईला फोन लावला. अन्नपूर्णाबाई वावरातून बोलतात, म्हणजे अख्ख्या दुकानाला ऐकू येतं.

"अरे, तू दुसरीत होता तवा शाळेत आधारचा कॅम्प आल्ता. आपल्या घरी कोठचा फोन? मोठ्या बाबाचा नंबर देल्ला होता. त्यायनंच तं तुले खांद्यावर बसवून नेलं होतं."

"मंग आता?"

"आता मी काय सांगू बापा," ती म्हणाली. "मी त्यायच्या दारात गेली अन् तुह्या बाबाले समजलं तं काही खरं नाही."

मोठे बाबा म्हणजे कडूबा, दयारामचा थोरला भाऊ. घराला घर लागून, मधे एक भिंत. विहीर दोघांत सामाईक. आठ वर्षांपूर्वी मोटरच्या पाळीवरून दोघा भावांत वाजलं. कोणाच्या कोबीला आधी पाणी, एवढ्यावरून. कडूबानं विहिरीच्या काठावर हात ठेवून शपथ घेतली की या घरच्या माणसाशी जन्मात बोलणार नाही. त्यांची बायको आधीच वारली होती, मुलगी जयमाला जालन्याला दिलेली. तेव्हापासून तो माणूस भिंतीपलीकडं एकटा. प्रज्वल तेव्हा तेरा वर्षांचा होता. आठ वर्षांत मोठ्या बाबानं त्याच्याशी एक शब्द काढला नव्हता. हे सगळं त्यानं मला दहा मिनिटांत, पडद्यावरचे सेकंद कमी होताना सांगितलं, आणि पहिला ओटीपी वाया गेला. खाली लाल अक्षरांत सूचना आली की एकूण तीन वेळाच ओटीपी मागवता येईल, नंतर चोवीस तास बंद.

"लाव त्यायले फोन," मी म्हटलं.

"कट करतीन." त्याचं तोंड उतरलं होतं. "माह्यासंगं नाही बोलत ते."

मग मीच माझ्या मोबाइलवरून लावला आणि स्पीकर चालू केला. नंबर अन्नपूर्णाबाईनं सांगितला. आठ वर्षं बोलणं बंद, आणि नंबर तोंडपाठ.

"कोन?" तिसऱ्या रिंगला आवाज आला.

मी नाव सांगितलं, दुकान सांगितलं, काम सांगितलं. पुतण्याचा फॉर्म आहे, पाचपर्यंत मुदत आहे, तुमच्या फोनवर सहा आकडे येतील तेवढे सांगा.

पलीकडून प्रश्न आला. "ते पोरगं तिथं हाय काय?"

"बाजूलेच बसलं हाय."

"त्याले सांगा, मी त्या घरच्याशी बोलत नाही."

इथं आमच्या भागातली एक रीत सांगायला हवी. बोलणं बंद म्हणजे बंद, पण कामं काही थांबत नाहीत. मग दोघांच्या मधे तिसरा माणूस घ्यायचा. दोघं हातभर अंतरावर बसलेले असतात, एकमेकांचं सगळं ऐकू येत असतं, पण बोलायचं ते तिसऱ्याकडं तोंड करून. त्याले सांगा, उद्या पाळी माही हाय. त्यायले सांगा, आमालेही समजते. माझ्या दोन मामांनी असं चौदा वर्षं काढलं, आणि लहानपणी मधला माणूस बहुतेक वेळा मीच असायचो. शपथ मोडत नाही आणि काम होतं. मी मनात म्हटलं, हे तर आपलं जुनं काम, आता होऊन जाईल.

दुसरा ओटीपी मागवला. कडूबाच्या फोनची टुण्ण इकडं ऐकू आली.

"आला," ते म्हणाले.

"सांगा."

"तुमाले काऊन सांगू?"

"मीच फॉर्म भरून राह्यलो ना."

"तुमी कोन, मले काय मालूम? फोन लावला का ते बाई पयले तेच सांगते, ओटीपी कोनाले देऊ नका. बँकेतल्या सायबानंही सांगतलं, घरच्या मानसाशिवाय कोनाले सांगजो नको."

"अजी, घरचाच माणूस बसलाय इथं!"

"त्या घरच्याशी मी बोलत नाही."

मी कपाळाला हात लावला. परक्याला सांगायचं नाही, कारण तो परका. घरच्याला सांगायचं नाही, कारण बोलणं बंद. माझा सगळा जुना अनुभव पाण्यात गेला. मी चिडलो, आणि चिडलो की मी शुद्ध बोलतो. "काका, मुलाचं वर्ष जाईल. हुशार मुलगा आहे, हैदराबादला शिकायला जायचं म्हणतोय," मी म्हटलं. "मंग मी कुठं नाही म्हनलं? जाऊ द्या ना," ते म्हणाले, आणि आकडे काही सांगेनात. मी समजावलं, विनवलं, थोडं ओरडलोही. दुसऱ्या ओटीपीची दहा मिनिटं संपली.

प्रज्वलनं दप्तर उचललं. "राहू द्या भाऊ. पुढच्या वर्षी पाहू."

पुढचं वर्ष म्हणजे काय ते मला माहीत होतं. पुढच्या वर्षी गोपाल सर नाहीत, फळा नाही, वावर आहे आणि कोबी आहे. त्यात वाईट काहीच नाही, पण ते पोरगं त्यासाठी तीन वर्षं रिकाम्या वर्गात बसलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं आणि त्या म्हाताऱ्याचा भयंकर राग आला.

पोरगं दुकानाची पायरी उतरत होतं तेवढ्यात फोनमधून आवाज आला. कापायचं मी विसरलो होतो. कडूबानंही कापला नव्हता.

"मोतीरामभाऊ, त्याले विचारा, सोमवारी अन् मंगळवारी कॉलेजात काऊन नोता?"

प्रज्वल पायरीवरच थांबला.

"तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं.

"मले मेसेज येते ना. रोज."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. गेल्या वर्षी कॉलेजनं गेटावर चेहरा दाखवायचं यंत्र बसवलंय. समोर उभं राहिलं की हिरवा दिवा लागतो आणि पालकाच्या मोबाइलवर मेसेज जातो, तुमचा पाल्य आज हजर. तासांच्या दिवशी अकरापर्यंत जो आला नाही त्याच्या घरी गैरहजरचा मेसेज. बाकीच्या पालकांनी ते वाचायचं कधीच सोडून दिलंय. प्रज्वलच्या शाळेच्या कागदांवर तोच सत्तेचाळीसवाला नंबर होता, तो दाखल्यांबरोबर कॉलेजपर्यंत चालत आला आणि कोणी पाहिला नाही. प्रज्वलला वाटत होतं, मेसेज बाबांना जातात आणि बाबांना त्याचं काही नसतं.

"इंग्रजीत येते," कडूबा सांगत होते. "पयले किरानावाल्याकून वाचून घेत होतो. मंग समजलं, पी असला का पोरगं गेलं, ए असला का नाही गेलं. तेवढी दोन अक्षरं वळखतो मी. सोमवारी ए आला. मंगळवारी ए आला. त्याच्या आंधी किती महिन्यात ए नोता. त्याले विचारा, बिमार होता काय?"

प्रज्वलला सगळं ऐकू येत होतं. तरी मी त्याच्याकडं वळून विचारलं. रीत म्हणजे रीत.

"त्यायले सांगा," तो म्हणाला, "ताप होता म्हना."

"ताप होता म्हणतो."

"त्याले विचारा, दवाखान्यात गेल्ता काय?"

"नाही म्हना. गोळी घेतली होती."

"संगं कोन होतं?"

प्रज्वल रस्त्याकडं तोंड करून उभा होता. तसाच म्हणाला, "कोनी नोतं म्हना."

हे मला पुढं सांगायचं होतं, आणि सांगता येईना. सोमवारी आणि मंगळवारी हे पोरगं माझ्या दुकानातही आलं नव्हतं, आणि ते माझ्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं. ग्रुपवर दोन दिवस फळ्याचा फोटो गेला नाही, एकसष्टांपैकी एकानंही विचारलं नाही. गोपाल सरांनी रिकामा वर्ग पाहिला असेल आणि स्टाफरूममध्ये जाऊन बसले असतील. खोलीतले दोघं धावायला गेले असतील. सगळ्या बुलडाण्यात कोणाला पत्ता नव्हता की धाड नाक्याच्या एका खोलीत पोरगं तापानं फणफणलंय. तिकडं साखरखेर्ड्याला एका म्हाताऱ्यानं एक अक्षर दोनदा पाहिलं आणि तो काळजीत पडला. शपथेपायी त्याला कोणाला विचारताही आलं नाही.

"काय म्हनते?" कडूबानं विचारलं. त्यांनी ऐकलं होतंच.

"सोबत कोणी नव्हतं म्हणतो," मी कसंबसं म्हटलं.

पलीकडं कोणीतरी कुठंतरी मोटर चालू केली होती, तिचा आवाज येत राहिला.

"दाबा तुमचं बटन," ते म्हणाले.

मी तिसरा ओटीपी मागवला. हा शेवटचा. टुण्ण वाजलं.

"पजू," कडूबा म्हणाले. हे माझ्याकडं नव्हतं. "लिही."

प्रज्वल एका उडीत आत आला. "बोला, मोठे बाबा."

"सात. शून्य. शून्य. तीन. एक. नऊ." एकेक आकडा सावकाश. "परत वाच." त्यानं परत वाचला. "बराबर हाय."

आकडे टाकले. गोल फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि अर्ज क्रमांक आला. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

"झालं काय?"

"झालं, मोठे बाबा," तो म्हणाला आणि रडायला लागला. एकवीस वर्षांचं पोरगं, माझ्यापेक्षा हातभर उंच. मी पंख्याकडं बघत बसलो.

"मोतीरामभाऊ," फोनमधून आवाज आला. आता पुन्हा माझ्याकडं. "त्याले सांगा, घरी बोलू नको म्हना. आपलं बोलनं झालंच नाही म्हना. त्याच्या बापाले समजलं तं इनाकारन कटकट."

"त्यायले सांगा, नाही बोलत म्हना."

"अन् त्याले सांगा, गोळीवर भागवू नको म्हना. दवाखान्यात जात जाय."

"हाव म्हना."

मी दोन्हीकडचं दोन्हीकडं सांगितलं आणि फोन बंद झाला.

मला वाटलं होतं, आता गाठ सुटली, दोघं बोलायला लागतील. तसं काही झालं नाही. शपथ मोडली ती त्या घटकेपुरती. नंतर एकदा प्रज्वलनं स्वतःच्या मोबाइलवरून लावून पाहिलं. कडूबानं उचलला, ऐकत राहिले, आणि काही न बोलता ठेवून दिला. "ऐकून घेतात भाऊ," तो म्हणाला. "ठेवाची घाई करत नाहीत. पन बोलत नाहीत." मी म्हटलं, मी मधे बसतो, लावू का पुन्हा? तो नको म्हणाला. बिनकामाचं बोलायला तिसरा माणूस लावत नाहीत, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

पंधरा दिवसांनी तास बंद झाले, पेपरांआधीची सुट्टी लागली. भरतीवाले दोघं गावी गेले. कॉलेजात चिटपाखरू नव्हतं. आणि रोज सकाळी दहा वाजता, त्या उन्हात, धाड नाक्यापासून पायी चालत प्रज्वल गेटावर यायचा, यंत्रासमोर उभा राहायचा, आणि हिरवा दिवा लागला की परत फिरायचा. तीन-चार दिवस मी पाहत होतो.

"सुट्टी हाय ना बे?" शेवटी मी हटकलं.

"हाव."

"मंग कायले येतं?"

"मोठे बाबा वाट पाहत असतीन ना," तो म्हणाला आणि निघून गेला. त्या दिवशी त्यानं झेरॉक्सही काढली नाही.

मे महिन्यात पेपर संपले. कॉलेज उन्हाळ्यासाठी बंद झालं. शिपायानं यंत्राची वायर काढली आणि वरून पोतं गुंडाळलं. प्रवेश परीक्षा महिन्याच्या शेवटी अकोल्याला होती, म्हणून प्रज्वल घरी न जाता अभ्यासाला खोलीवरच राहिला. माझ्या दुकानाला आता गिऱ्हाईक नव्हतं. मी दुपारी मशीन पुसत होतो तेव्हा फोन वाजला. नंबराचा शेवट सत्तेचाळीस.

"मोतीरामभाऊ, तीन दिस झाले. पी नाही अन् ए बी नाही. पोरगं बरं हाय ना?"

मी सांगितलं की कॉलेजला सुट्टी लागली, यंत्र बंद आहे, आता काही येणार नाही. काळजी करू नका, पोरगं खोलीवर अभ्यास करतंय.

"बरं," ते म्हणाले. पण फोन ठेवला नाही. "पास झाला तं हैदराबादले जाईन तो."

"जाईल की. नक्की होईल पास."

"तिथं असं यंत्र असन काय?"

मी खरं सांगितलं. म्हटलं, एवढ्या मोठ्या विद्यापीठात असलं काही नसतं, तिथं कोण आलं अन् कोण नाही आलं, घरी कळवत बसत नाहीत.

"मंग तिथं बिमार पडला तं कोनाले समजीन?"

तिथं वर्ग भरलेला असतो, बाकं भरलेली असतात, असं सांगावंसं वाटलं, पण तोंडातून निघेना. गर्दीतसुद्धा कोणी कोणाला विचारतंच असं नाही, हे मला दुकानातून पुष्कळ दिसलेलं आहे.

"अन् आता कसा हाय?" कडूबानं विचारलं. "तुमी पाह्यलं काय त्याले?"

तीन दिवस मीही पाहिलं नव्हतं. खोली पंधरा मिनिटांच्या वाटेवर, आणि मी पाहिलं नव्हतं.

"पाहतो," मी म्हटलं. मशीन बंद केलं, शटर ओढलं आणि धाड नाक्याकडं चालत निघालो.